उसना प्रकाश : चमकणारे रेणू आणि जीवपेशींचे दर्शन

दिवसा आकाशात तारे नसतात असे नाही. ते जागच्या जागी असतात. परंतु सूर्याच्या प्रखर तेजापुढे त्यांचा मंद प्रकाश आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. रात्र पडली की तेच तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. म्हणजे एखादी वस्तू दिसावयाची तर ती प्रकाशित असून भागत नाही. तिच्याभोवती अंधारही असावा लागतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सजीवांच्या पेशींच्या अंतरंगात पाहण्याची जी विद्या सिद्ध केली, तिची ओळख आपल्या संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांना, आणि विशेषतः विद्यार्थ्यांना, करून द्यावी असा या लेखाचा हेतू आहे.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाने पाहिलेला असतो. प्रथम काहीच नीट दिसत नाही. पेशीत बहुतेक पाणीच असते, आणि पाण्यात ठेवलेल्या काचेच्या तुकड्याप्रमाणे तिचे सारे भाग पारदर्शक असतात. म्हणून शिक्षक आयोडीनचा थेंब टाकावयास सांगतात. रंग दिला की केंद्रक दिसू लागते. परंतु साध्या रंगाची एक मोठी अडचण आहे. मागून येणारा पांढरा प्रकाश तो थोडासा अडवितो, एवढेच त्याचे काम. त्यामुळे रंगाचे कण थोडे असले तर उजळ पार्श्वभूमीवर ते हरवून जातात. ते दिवसाच्या ताऱ्यांसारखेच होय. यावर उपाय एकच : पार्श्वभूमी काळीकुट्ट करावी आणि ज्या रेणूचा शोध घ्यावयाचा त्यालाच प्रकाशमान करावे. हे काम अनुस्फुरणाने साधते. इंग्रजीत ज्याला फ्ल्युओरेसन्स म्हणतात ते हेच.

अनुस्फुरण म्हणजे काय ?

काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश पडला असता ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, आणि मूळ प्रकाश बंद होताच त्यांचेही चमकणे तत्काळ थांबते. या गुणाला अनुस्फुरण असे नाव आहे. हा प्रकाश त्या पदार्थाचा स्वतःचा नसतो. तो उसना घेतलेला असतो. काजव्याचा प्रकाश त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियेतून निघतो. पावसाळ्यात आंबोलीच्या रानात कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजेड देणारी बुरशी आढळते, तिचाही प्रकाश स्वतःचाच. अंधारात बराच वेळ चमकत राहणारे घड्याळाचे आकडे हा आणखी निराळा प्रकार. या तिन्हींशी अनुस्फुरणाची गल्लत करू नये.

आपल्या घरात अनुस्फुरणाची उदाहरणे पुष्कळ आहेत. धोतर, सदरे शुभ्र दिसावेत म्हणून टिनोपालसारखी पूड वापरण्याची चाल घरोघर पडली होती. हल्ली तसले द्रव्य धुण्याच्या पावडरीतच मिसळलेले असते. डोळ्यांना न दिसणारे सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून ते निळसर प्रकाश परत देते, आणि कापडाचा पिवळेपणा त्यामुळे झाकला जातो. ट्यूबलाइटच्या नळीत पाऱ्याच्या वाफेतून जंबुपार किरणच निघतात; नळीच्या आतील पांढरी भुकटी त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. बँकेतील कारकून जांभळ्या दिव्याखाली नोट धरतो तेव्हा तिच्यावरील क्रमांक चमकतात, तेही याच गुणामुळे. सांगलीच्या पेठेत जिचे ढीग लागतात त्या हळदीतील पिवळे द्रव्य आणि झाडाच्या पानातील हरितद्रव्य हेही अनुस्फुरक आहेत.

हे घडते कसे, ते आता पाहू. प्रकाश हा शक्तीच्या लहान लहान पुड्यांच्या रूपाने येतो असे पदार्थविज्ञान सांगते. जांभळ्या प्रकाशाची पुडी मोठ्या मोलाची, हिरव्याची त्याहून कमी, तांबड्याची सर्वांत कमी. योग्य मोलाची पुडी रेणूने गिळली की त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तेथे तो फार काळ टिकत नाही. प्रथम रेणूच्या थरथरण्यात व शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या धक्काबुक्कीत त्याची थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. मग काही नॅनोसेकंदांत तो मूळ पायरीवर उतरतो आणि उरलेली शक्ती प्रकाश म्हणून बाहेर पडते. एक नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. दलाली कापून घेतल्यावर शेतकऱ्याच्या हाती पट्टीची रक्कम जशी कमी येते, तसाच हा व्यवहार आहे. परत मिळणारी पुडी नेहमी कमी मोलाची असते, म्हणून जंबुपार गेले तर निळे येते, निळे गेले तर हिरवे येते, हिरवे गेले तर तांबडे येते. या रंगबदलावरच पुढील सारी विद्या उभी आहे.

शोधाचा इतिहास

हिवतापावरील कोयनेल आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. १८४५ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच्या पातळ द्रावणाच्या पृष्ठभागावर आकाशी छटा पाहिली. पुढे केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सप्तरंग पाडले आणि कोयनेलच्या द्रावणाची नळी तांबड्या टोकाकडून जांभळ्या टोकाकडे सरकवीत नेली. दृश्य रंगांत असेपर्यंत नळीत काही विशेष दिसेना. परंतु जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला निव्वळ अंधार दिसतो, तेथे नेताच ती निळ्या प्रकाशाने उजळली. १८५२ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि फ्ल्युओरस्पार या खनिजावरून या गुणाला फ्ल्युओरेसन्स हे नाव दिले. १८७१ साली जर्मनीच्या आडोल्फ फॉन बायरने फ्ल्युओरेसीन हे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. ते निळा प्रकाश शोषून तेजस्वी पोपटी प्रकाश देते. कापडासाठी रंग शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा रीतीने नकळत वैद्यकाला एक हत्यार करून दिले.

अनुस्फुरणाचा सूक्ष्मदर्शक विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत तयार झाला. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. दिव्यातील प्रकाशातून एका रंगीत गाळणीने फक्त निळा भाग घ्यावयाचा. एक विशिष्ट आरसा तो निळा प्रकाश नमुन्याकडे वळवितो. नमुन्यातील अनुस्फुरक रेणू हिरवा प्रकाश देतात. तो आरशातून सरळ पार होऊन डोळ्याकडे येतो. वाटेत दुसरी गाळणी असते, ती उरलासुरला निळा प्रकाश अडविते. मग दिसते ते काय ? काळ्या आकाशात हिरवे तारे ! जेथे तो रेणू आहे तेवढीच जागा उजळते, बाकी सर्व अंधार.

आता प्रश्न असा की, हव्या त्या ठिकाणीच हा रेणू कसा चिकटवावयाचा ? याचे उत्तर अमेरिकेतील हार्वर्डचे डॉ. आल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली दिले. आपल्या रक्तातील प्रतिद्रव्ये ठराविक शत्रूलाच ओळखून पकडतात, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. कून्स यांनी त्या किल्लीलाच अनुस्फुरक रेणूचा दिवा बांधला. किल्ली जेथे लागेल तेथे दिवा दिसणार हे उघडच आहे.

रोगनिदानातील उपयोग

आपल्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे नाव देवीच्या लशीच्या काळाची आठवण करून देते. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. परंतु कुत्र्याच्या चावण्यातून होणारा पिसाळरोग अद्याप आपल्यात आहे. मेलेल्या जनावराला तो रोग होता की नाही, हे ठरविण्याची मान्यताप्राप्त रीत कून्स यांच्या तत्त्वावरच बसविलेली आहे. ती १९५८ साली गोल्डवॉसर व किसलिंग यांनी दिली. जनावराच्या मेंदूचा ठसा काचेवर घेऊन त्यावर दिवा बांधलेली प्रतिद्रव्ये सोडतात. विषाणू असेल तर पोपटी ठिपके चमकतात, आणि पूर्वी उंदरांना टोचून जो निकाल मिळण्यास कित्येक दिवस लागत तो काही तासांत हाती येतो. मात्र येथे एक गोष्ट आवर्जून सांगणे अगत्याचे आहे. चावा बसलेल्या माणसाने अशा परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसू नये. जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.

याहून मोठा उपयोग क्षयाच्या बाबतीत झाला आहे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविले. जुन्या रीतीत थुंकीचा नमुना तांबडा रंगवून एक हजार पट मोठा करून पाहतात. रोग नाही असे म्हणण्यापूर्वी काचेवरील निदान शंभर क्षेत्रे तपासावी लागतात. दिवसभर डोळा लावून बसणारा तंत्रज्ञ थकतो, आणि एखादा जंतू नजरेतून निसटतो. तो निसटला म्हणजे एक रोगी औषधावाचून घरी जातो आणि घरातील मुलाबाळांना रोग देतो. ऑरामीन नावाचा पिवळा रंग या जंतूंच्या मेणचट कवचात शिरून बसतो व निळ्या प्रकाशात चमकतो. काळ्या पटावर पिवळी काडी उठून दिसत असल्यामुळे दोनशे ते चारशे पट मोठे करूनही काम भागते, एका नजरेत बरेच मोठे क्षेत्र येते आणि वेळ पुष्कळ वाचतो. जुन्या रीतीपेक्षा या रीतीने सरासरी दहा टक्के अधिक रोगी सापडतात, असे अनेक ठिकाणच्या तपासण्या एकत्र करून पाहिले असता आढळले.

हे तत्त्व १९३० नंतरच्या दशकातच माहीत झाले होते. मग ते खेड्यापर्यंत यावयास इतकी वर्षे का लागली? कारण दिव्याचे होते. पाऱ्याच्या वाफेचा तो दिवा महाग असे, दोन-तीनशे तासांत निकामी होई, आणि त्याला अंधारी खोली लागे. एलईडी दिवा आला आणि ही अडचण संपली. तो हजारो तास टिकतो, थोड्या विजेवर किंवा बॅटरीवर चालतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. शास्त्राचे तत्त्व आणि गरिबाचा दवाखाना यांमध्ये कित्येकदा असा एखादा साधा दिवाच आडवा आलेला असतो.

थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाने सापडणे कठीण. त्याहून थोडे असले तर जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याच्या असंख्य प्रती काढून शोध घेतात. येथेही अनुस्फुरणच कामाला येते. एका लहान रासायनिक धाग्याच्या एका टोकास चमकणारा रेणू व दुसऱ्या टोकास त्याचा प्रकाश गिळणारा पहारेकरी बसविलेला असतो. जंतूच्या द्रव्याची प्रत निघताना तो धागा तुटतो, पहारेकरी दूर होतो आणि रेणू चमकू लागतो. प्रती जितक्या अधिक, तितका प्रकाश अधिक. या तत्त्वावरील ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीने व बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेने सिद्ध केले. क्षयाच्या निदानासाठी त्यास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० साली मिळाली, आणि त्याच वर्षी कोरोनाच्या साथीतही ते कामी आले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला आणि पुढे २०१५ साली गोव्याच्या सत्तरी भागात व २०१६ साली सावंतवाडीजवळच्या बांद्यात पसरलेला माकडताप ओळखण्यासाठीही प्रती काढण्याची ही रीत वापरतात.

डोळ्यांच्या दवाखान्यात तर फ्ल्युओरेसीन रोजच्या वापरात आहे. आपल्या भागात ऊसतोडीच्या हंगामात उसाचे पाते डोळ्यास लागून बुबुळावर ओरखडा उठण्याचे प्रकार होतात. नुसत्या डोळ्यांनी तो ओरखडा दिसत नाही. फ्ल्युओरेसीनची पट्टी लावून निळा प्रकाश टाकला की जखमेची जागा तेवढी पोपटी चमकते. वेळीच कळले तर फूल पडण्याचे व दृष्टी जाण्याचे संकट टळू शकते. मधुमेहाच्या रोग्यास हेच द्रव्य हाताच्या शिरेतून टोचून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेतात. जेथून रक्तवाहिनी पाझरते ती जागा चित्रात स्पष्ट दिसते.

जेलीफिशची देणगी

आतापर्यंतचे रंग बाहेरून द्यावे लागत, आणि बऱ्याच वेळा त्यासाठी पेशी मारावी लागे. जिवंत पेशीनेच आपल्या अंगचा दिवा तयार केला तर ? ही किमया ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाच्या शोधातून साध्य झाली. १९४५ साली नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा काही मैलांवर होता व त्या लखलखाटाने क्षणभर आंधळा झाला होता. पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६१ च्या उन्हाळ्यात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले आणि त्यांच्या कडांच्या वलयांतून चमकणारी द्रव्ये वेगळी केली. त्यांतच एक हिरवे अनुस्फुरक प्रथिन होते. १९६२ साली त्याची पहिली नोंद झाली. २३८ अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःभोवती पिंपासारखी गुंडाळली जाते आणि तिच्या मध्यावरील तीन दुवे एकमेकांत जुळून चमकणारा भाग आपोआप तयार होतो. त्यासाठी प्राणवायूखेरीज दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही.

हे प्रथिन घडविणारा जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली वेगळा करून त्याची मांडणी वाचली. परंतु पुढील कामासाठी त्यांना अनुदान मिळेना. तेव्हा त्यांनी तो जनुक मार्टिन शाल्फी व रॉजर त्सियेन यांना मागताच देऊन टाकला. शाल्फी यांनी १९९४ साली तो जंतूंत व एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत घालून दाखविला. जिवंत कृमीच्या ठराविक मज्जापेशी हिरव्या चमकू लागल्या. त्सियेन यांनी त्याचे निळे, पिवळे असे अनेक रंग तयार केले. शिमोमुरा, शाल्फी व त्सियेन या तिघांना २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी प्रॅशर अमेरिकेतील एका गावी मोटारविक्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांना ने-आण करणारी गाडी चालवीत होते. शाल्फी व त्सियेन यांनी त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले, आणि काही वर्षांनी त्सियेन यांच्याच प्रयोगशाळेत प्रॅशर पुन्हा शास्त्राच्या कामास लागले. एखादे काम मोठे आहे हे ते अर्धवट असताना कळत नाही; नेमक्या त्याच वेळी त्याला थोड्या आधाराची गरज असते. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांच्या चालकांनी ही हकीगत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आयसरमध्ये व पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात अशा रेणूंच्या साहाय्याने जिवंत पेशींचे निरीक्षण चालते. प्रथिने पेशीत कोठून कोठे जातात, मज्जातंतू एकमेकांशी कसे बोलतात, कर्करोगाची पेशी आपली जागा सोडून कशी निघते, हे आता प्रत्यक्ष पाहता येते. प्रकाशाच्या स्वभावामुळे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक रचना वेगळी दिसणार नाही, अशी मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली सांगितली होती. चमकणारे रेणू एकाच वेळी न पेटविता थोडे थोडे पेटवून, किंवा कडेचे विझवून, तीही ओलांडण्यात आली. त्याबद्दल बेट्झिग, हेल व मर्नर यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या विद्येला मर्यादाही आहेत. फार प्रकाश टाकला की रेणू कायमचा विझतो आणि जिवंत पेशीस इजा होते. शिवाय रेणू चमकला म्हणजे शोधलेली वस्तू सापडलीच असे समजून चालत नाही. रंग भलत्या ठिकाणी चिकटतो. पेशीतील कित्येक द्रव्ये मुळातच थोडी चमकतात. म्हणून रंग न दिलेला नमुना शेजारी ठेवून तुलना करण्याची शिस्त संशोधकास पाळावी लागते.

घरी करावयाचे प्रयोग

विद्यार्थी मित्रांनो, नोटा तपासण्याचा जांभळा टॉर्च थोड्या पैशांत मिळतो. तो डोळ्यांवर मात्र कधीही रोखू नये. अंधाऱ्या खोलीत पुढील प्रयोग वडील मंडळींच्या देखत करावेत.

पहिला : पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटून गाळून घ्या. हिरव्या द्रावणावर टॉर्च टाका. ते रक्तासारखे तांबडे दिसेल. स्पिरिट ज्वाळेपासून दूर ठेवावे. पानात असताना हरितद्रव्य आपली बरीचशी शक्ती अन्न तयार करण्यास देते. पानाबाहेर काढल्यावर ती घेणारा कोणी उरत नाही, म्हणून ती प्रकाशरूपाने बाहेर पडते.

दुसरा : चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये विरघळवा. पिवळसर हिरवी चमक दिसेल.

तिसरा : टॉनिक वॉटरमध्ये कोयनेल असते. पेल्यात ओतून टॉर्च टाका. स्टोक्सने पाहिलेला निळा प्रकाश दिसेल. आता त्यात चमचाभर मीठ विरघळवा. चमक मंद होईल. मिठातील क्लोराइडचा कण उत्तेजित रेणूला धक्का देऊन त्याची शक्ती प्रकाश निघण्यापूर्वीच काढून घेतो. कोयनेलच्या जातीच्या रेणूंनी पेशीच्या आतील क्लोराइड मोजतात, ते याच तत्त्वावर. स्वयंपाकघरातील मीठ आणि प्रयोगशाळेतील संशोधन यांत अंतर आहे ते साधनांचे. निसर्गाचा नियम दोन्हीकडे एकच.

प्रयोग करताना काय टाकले, किती टाकले, कोणता रंग दिसला, हे वहीत टिपून ठेवावे आणि टॉर्च न लावता काय दिसते तेही लिहावे. पाहण्याची ही सवय लहानपणी लागली तर टिळकवाडीच्या एखाद्या मुलामुलीच्या हातून उद्या क्षयाचा चुकलेला जंतू सापडेल किंवा नवा चमकणारा रेणू तयार होईल. तसे घडो, आणि त्यांना लागणारे पुस्तक, भिंग व फी यांची सोय करण्याचे सामर्थ्य आपल्या संस्थेला लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.